अकरा दोषांची गाडी

नायगावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या दयानंद गुरुजींना कशालाही नावं ठेवता येत नसत. पोरानं नकाशात नर्मदा उलटी वाहवली तरी ते आधी म्हणायचे, "निळा रंग सुरेख भरलास रे." हा गुण शाळेत खपून जातो. जुनी मोटार घ्यायला निघालेल्या माणसात मात्र तो असू नये. जुन्या मोटारीला आधी चारचौघांत वाईट म्हणावं लागतं. तिचं रूप, तिचा आवाज, तिची चाल, सगळ्याला नाक मुरडावं लागतं. मग कुठे भाव खाली येतो. आणि गुरुजींचं नाक मुरडण्याच्या कामी कधी आलंच नव्हतं.

गाडी हवी होती आईसाठी. गुरुजींना नोकरी लागली त्या वर्षी धोंडाबाईंनी माहूरच्या रेणुकेला शब्द दिला होता, की आता तुझ्या पायाशी येईन ती पोराच्या स्वतःच्या गाडीतनं. हा शब्द त्यांनी अठरा वर्षं कुणाला सांगितला नाही. यंदा गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्या चढायला साफ नकार दिला, तेव्हा पाडव्याला जेवता जेवता सांगितला.

"आधी कामून नाही सांगितलं?" गुरुजी म्हणाले.

"तुला ताण कशाला? माहूरची माय वाट बघती, तिला काय घाई हाय."

घाई मायला नव्हती, पतसंस्थेला होती. शिक्षकांच्या पतसंस्थेनं वाहनासाठी पावणेतीन लाख मंजूर केले; वर एक पै नाही, आणि महिनाअखेरीला मंजुरी संपणार. सोबत एक फॉर्म आला. त्यात शेवटचा रकाना होता: 'सदर वाहन मागितलेल्या किमतीस पात्र आहे काय? जाणकाराची सही.'

"जाणकार म्हणजे कोण?" गुरुजींनी खिडकीतल्या बाबूला विचारलं.

"ज्याला कळतं तो."

"त्याला कळतं हे कुणी ठरवायचं?"

"तुम्ही."

"मला तेवढं कळत असतं तर जाणकार कशाला लागला असता?"

"म्हणूनच तर रकाना हाय ना, गुरुजी," बाबू शांतपणे म्हणाला आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

शेजारी श्रीमंतराव राहत. एसटीत तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी ओट्यावर बसूनच सगळी विद्या दिली. पत्र्याला लोहचुंबक लावायचं, चिकटलं नाही तिथं आत पुट्टी भरलेली समजायची. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यायचा, कुबट आला तर गाडी पुरात बुडालेली. "आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे," त्यांनी आवाज उतरवला, "आवडली तरी तोंडावर दाखवायचं न्हाई. मयतीला गेल्यावानी तोंड ठेवायचं."

मयतीचं तोंड करून गुरुजी नांदेडला गेले. तिथं एका मोकळ्या मैदानात जुन्या गाड्यांचा बाजार भरला होता. दोनेकशे गाड्या, काचांवर पांढऱ्या रंगात लिहिलेले भाव, वर हिरवं कापड ताणलेलं. आणि त्या हिरव्या सावलीत त्या सगळ्या गाड्या अशा निमूट उभ्या, की गुरुजींच्या पायातली चप्पल आपोआप हळू पडू लागली. त्यांनी पहिल्याच गाडीत डोकावलं. मागच्या काचेवर आतून एका लहान हाताचा ठसा होता, पाचही बोटं स्पष्ट. दुसरीच्या स्टिअरिंगवर दसऱ्याच्या हळदीची रेघ अजून पिवळीधमक. तिसरीच्या सीटच्या फटीत एक बांगडीचा तुकडा. कुणी या गाडीतनं वरातीला गेलं असेल, कुणी बाळंतपणाला, कुणी बापाला दवाखान्यात नेताना हिचा सगळा जीव खेचला असेल. इतकं सगळं वाहून आणून ही बिचारी इथं उभी, काचेवर आकडा लिहून.

"तीन दहा," दलाल म्हणाला. "बोला, तुमचं काय म्हणणं?"

"एवढ्यातच?" गुरुजी भारावून म्हणाले.

दलालानं आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यानं क्षणभर गुरुजींकडे बघितलं, खिशातनं रुमाल काढून काचेवरचा दहाचा आकडा पुसला आणि तिथं चाळीस लिहिलं.

घरी उज्वलाताईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, ही हकिगत जेवण वाढता वाढता ऐकली. वाढणं पुरं केलं, हात धुतले आणि मग फोन लावला तो थेट व्यंकटीमामांना.

व्यंकटीमामा म्हणजे धोंडाबाईंचे धाकटे भाऊ. सारी हयात बैलबाजारात गेली. माळेगावच्या जत्रेत मामांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, की मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. दात मोजून वय सांगणारे पुष्कळ असतात. मामा बैल उठताना आधी कुठला पाय टेकतो एवढं बघून त्याचं पुढचं वर्ष सांगत. आता बैल कमी झाले, मामांच्या हाताला काम उरलं नाही. मोटारीचं ऐकून ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हजर.

"मामा, मोटारीतलं तुम्हाला कळतं का?" गुरुजींनी विचारलं.

"चार पायावर उभं राहून ओढायचं काम करती ना? मग झालं. तू फकस्त तोंड उघडायचं न्हाई. तू गाडी बघायला जातो का दर्शनाला, हेच कळंना झालंय."

पहिली परीक्षा उमरीला झाली. एका दुकानदाराची पांढरी गाडी होती, आरशासारखी घासलेली. मामांनी तिला हात लावला नाही. ते लांब जाऊन एका दगडावर बसले आणि म्हणाले, "चालवा." दुकानदारानं पटांगणात दोन फेऱ्या मारल्या. मामा उठले. "मागच्या उजव्या पायानं लंगडती. पडलीय कुठंतरी, दोन वर्सं झाली असतील."

दुकानदाराचा चेहरा उतरला. "बारूळच्या पुलावर," तो पुटपुटला. "पण हे कुणालाच माहीत न्हाई, काका."

"तिला माहीत हाय की," मामा गाडीकडे बघत म्हणाले.

गुरुजींच्या अंगावर काटा आला. फॉर्मवरचा जाणकार घरातच होता आणि आपण खिडकीतल्या बाबूशी वाद घालत बसलो, याची त्यांना लाज वाटली. मोटारीच्या पोटातलं दुखणं दगडावर बसून ओळखणारा माणूस आपला मामा आहे, हे त्यांनी त्या आठवड्यात शाळेतल्या प्रत्येकाला सांगितलं.

महिना संपायला चार दिवस उरले असताना उज्वलाताईंना फोनवर एक जाहिरात दिसली. लातूरची होती. 'गाडी विकणे आहे. अकरा वर्षे, एक मालक. दोष अकरा. यादी समक्ष मिळेल. किंमत दोन लाख अडुसष्ट हजार.'

"स्वतःच दोष सांगून राहिलाय," उज्वलाताई म्हणाल्या. "एक तर येडा असंल, न्हाई तर लई मोठा लबाड."

पण हिशोब जमत होता. पावणेतीनातले सात हजार उरले तर कागदपत्रं आणि माहूरचं पेट्रोल निघत होतं. गुरुजी आणि मामा निघाले तर धोंडाबाईही लुगडं बदलून दारात उभ्या. "बसायचं मला, आन् बघायला तुम्ही दोघं?" काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी त्यांना दोघांनी उचलून बसवलं. अहमदपूर येईपर्यंत त्या काहीबाही गुणगुणत होत्या. इंजिनाच्या घरघरीतून गुरुजींना मागे बसल्या बसल्या दोनच ओळी ऐकू आल्या:

माहूरगडाच्या चढणीला, धूळ उडती लाल लाल,
रेणुकामाय पुसती, कुणाचं ग आलं बाळ.

गुरुजींनी खिडकीबाहेर बघितलं. आता ही गाडी हातची गेली तर घरी परत येताना आईच्या तोंडाकडे बघता येणार नाही, एवढं त्यांना कळून चुकलं.

पंचाक्षरीअप्पांचं घर लातुरात एका शांत गल्लीत होतं. अप्पा भूमी अभिलेखात मोजणीदार होते. उभी हयात लोकांच्या बांधावर साखळी धरून गेली, आता निवृत्त. उंच, सडपातळ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांच्या पत्नी कमलम्मा दारातनंच म्हणाल्या, "बन्री, बन्री, या आत." माहेर सीमेपलीकडचं असल्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच कानडी डोकवायची. गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी होती, चंदेरी रंगाची, लहानशी. अप्पांनी ती नुसती दाखवली नाही. आधी आतून एक कागद आणला. तो चक्क प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलेला होता.

"हे अकरा दोष," अप्पा म्हणाले. "निर्दोष असती तर तीन लाख दहा हजार. प्रत्येक दोषापुढं त्याची वजावट लिहिली आहे. बेचाळीस हजार वजा जाता दोन अडुसष्ट. घासाघीस मी करत नाही. एखादा दोष मी जास्त धरला असेल तर दाखवून द्या, मी वजावट मागे घेतो. एखादा राहिला असेल तर तोही दाखवा, किंमत कमी करतो. जमीन जितकी आहे तितकीच लिहायची असते."

गुरुजींनी यादी वाचली. दोष दोन: बॉनेटवर दसऱ्याच्या नारळाचा खड्डा, तीन हजार. दोष चार: चालकाचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही, चार हजार. दोष सात: चढाला तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर, आठ हजार. दोष दहा: गार सकाळी चालू होताना तीनदा खोकते, सहा हजार. अक्षर मोत्यासारखं. गुरुजींना वाटलं, माणसानं लग्न करताना स्वतःचा असा कागद बायकोच्या हाती दिला तर किती बरं होईल. त्यांना तिथंच, त्या कागदावरच, गाडी पसंत पडली. त्यांनी खिशातला फॉर्म चाचपला. दोन अडुसष्टला सही घ्यायची, चहा प्यायचा आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

पण व्यंकटीमामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यानं लपवलेले दोष शोधले, त्याच्या हातात कुणीतरी सगळे दोष मांडून दिले होते. जेवायला बसलेल्याला ढेकर आयता मिळावा, तसं झालं.

दरम्यान धोंडाबाईंना मागच्या सीटवर बसवलं. त्या सीटवर शोरूममधलं प्लास्टिक अकरा वर्षांनंतरही तसंच होतं. अप्पांनी गाडी चालू करून आत गार हवा सोडली आणि बाहेरून दार लावलं. मग मामांनी कागद हातात घेतला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटवर तळवा टेकला.

"अप्पा, हा दोन नंबर दोष न्हाई."

"खड्डा आहे," अप्पा म्हणाले.

"खड्डा हाय. पण दोष न्हाई. देवाच्या नारळाचा खड्डा म्हंजे कपाळावरचा भोवरा. अशा भोवऱ्याच्या बैलाला माळेगावात मी जादा भाव दिलाय."

अप्पांनी विचार केला. गंभीरपणे मान हलवली. "मान्य. तीन हजार वजावट मागे. दोन एकाहत्तर."

"मामा," गुरुजी म्हणाले.

"तू तोंड उघडायचं न्हाई असं ठरलं होतं," मामा म्हणाले, आणि चालकाचं दार उघडून, जरासं वर उचलून, एकाच हातानं लावलं. खट्ट. "दार वंगाळ न्हाई, अप्पा. तुम्ही ओढता. ते उचलायचं असतंय. बिजागरीची खोड हाय, दाराची न्हाई."

अप्पांनी स्वतः करून बघितलं. खट्ट. त्यांच्या डोळ्यांत एकदम आदर दाटला. अकरा वर्षं ज्या दारानं त्यांचं ऐकलं नाही, ते या पाहुण्याचं पहिल्या हाकेला ऐकत होतं. "चार हजार मागे. पावणेतीन."

गुरुजींच्या मंजुरीची भिंत आली होती. त्यांनी मामांचा शर्ट मागून धरला. पण मामांना आता काहीच जाणवत नव्हतं. कैक वर्षांनी त्यांच्या हाताखाली जनावर आलं होतं आणि समोर त्या हाताची किंमत जाणणारा माणूस उभा होता. गाडी गल्लीतल्या चढावर नेऊन आणली, मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, की तिसऱ्या गिअरची कुरकुर ही कुरकुर नसून हुंकार आहे. अप्पांनी पुन्हा एकदा चढ चढवला. त्यांनाही हुंकारच ऐकू आला. दोन त्र्याऐंशी. सकाळचा खोकला हा खोकला नाही, घसा साफ करणं आहे. दोन एकोणनव्वद.

या फेऱ्यांत मागच्या सीटवर धोंडाबाई मुकाट बसून होत्या, हे तिघांपैकी कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

अंगणात दोन म्हातारे समोरासमोर उभे होते. एक विकणारा, तो भाव कमी धरून बसलेला. एक घेणाऱ्याचा माणूस, तो भाव वाढवतोय. आणि दोघांच्या तोंडावर असा आनंद, की गुरुजींना राग येईना. मंजुरीच्या चौदा हजार वर भाव गेला होता, माहूर लांब लांब जात होतं, तरी त्यांना आतून भरून येत होतं. खरी किंमत शोधायला निघालेली माणसं अशी दिसतात, हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. स्वतःचं नुकसान इतकं सुंदर असू शकतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

"आता पाच नंबर," मामा म्हणाले.

तेवढ्यात टकटक झाली. काचेमागून धोंडाबाई बांगडीनं काच वाजवत होत्या. आतून त्या दार उघडायची मूठ ओढत होत्या आणि दार उघडत नव्हतं. गुरुजी धावले. बाहेरून उघडलं, लगेच उघडलं. लावून आतून बघितलं, नाही. पलीकडचं दारही तसंच.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. अकरा होते. हा त्यात नव्हता.

"मागची दोन्ही दारं आतून उघडत नाहीत," ते सावकाश म्हणाले. "आणि मला माहीत नाही. आम्ही दोघं. कायम पुढंच बसलो. मागं फक्त तांदळाची पोती बसली."

मामांनी दाराला हात लावला, उचलून बघितलं, दाबून बघितलं. बैलात असलं काही नसतं. त्यांनी हात मागे घेतला.

गुरुजी मात्र उघड्या दाराची कड बघत होते. तिथं, कुलपाखाली, नखाएवढी एक खिट्टी होती आणि तिच्याशेजारी एका लहान मुलाचं चित्र कोरलेलं. त्यांना क्षणात कळलं. धावत्या गाडीत पोरानं दार उघडू नये म्हणून कुण्या कारागिरानं ही खिट्टी ठेवली होती. शोरूमातनंच ती लावलेली आली आणि अकरा वर्षं कुणी खाली केली नाही. ही गाडीची खोट नव्हती. तिला कुण्या न बघितलेल्या लेकराची काळजी होती.

आता बोललं नाही तर दोष बारावा. भाव खाली येणार. मंजुरीवरचे चौदा हजार उतरतील, कदाचित मामांनी चढवलेले सगळेच. आई आतून बघत होती. श्रीमंतरावांनी सांगितलेलं मयतीचं तोंड आयुष्यात एकदाच उपयोगी पडायची वेळ आली होती. गुरुजींनी ते करून बघितलं. दोन श्वास टिकलं.

"अप्पा, हा दोष नाही," ते म्हणाले. त्यांनी खिट्टी खाली करून दार लावलं. धोंडाबाईंनी आतून मूठ ओढली आणि दार उघडलं. "लहान मुलांसाठी असतं हे. फार छान सोय आहे. बघा ना, चित्रसुद्धा काढलंय."

अप्पांनी वाकून ते चित्र बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. मग खिशातनं पेन काढून कागदावर लिहू लागले. प्लास्टिकवर शाई उमटेना. पेन नुसतंच घसरत राहिलं. शेवटी त्यांनी ते तोंडीच सांगितलं.

"दोष बारावा. मालकाला आपली गाडी माहीत नाही. हा गाडीचा नाही, मालकाचा दोष, पण गाडी मालकाच्या हातची असते. वर्षाला दोन हजार, अकरा वर्षं. बावीस हजार वजा. दोन सदुसष्ट."

"अप्पा, माझं ऐका," मामांचा उत्साह परत आला, "हा बी दोष—"

"व्यंकटी," धोंडाबाई आतून म्हणाल्या.

मामा थांबले.

"मघापासून काच वाजवून राहिले ती दार उघडायला न्हाई. तुझं तोंड बंद करायला. मला आतून समदं ऐकू येतंय. ह्या अप्पानं एवढ्या मायेनं भाव उतरवला, आन् तू चढवून राहिलास. आता एक शबूद बोललास तर तुला आत घालून ही खिट्टी लावून घेईन."

मामांनी फॉर्म घेतला आणि जाणकाराच्या जागी निमूट सही केली. मागितलेल्या किमतीस पात्र आहे काय, याच्या पुढं गुरुजींनी 'होय' लिहिलं. कारणाच्या ओळीत जागा कमी होती, म्हणून तिथं काही लिहिलं नाही.

"उतर आता, आई. चहा झालाय."

"मी कशाला उतरू? चहाला हात पुरत्यात की हितं."

कमलम्मा बशीसह कप घेऊन आल्या. धोंडाबाईंनी आत सरकून जागा केली आणि सीटवर थाप मारली. "बसा की वो, अम्मा. तुमचीच गाडी."

कमलम्मांनी अप्पांकडे बघितलं, प्लास्टिककडे बघितलं, मग पदर सावरून मागे बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "एक चक्कर मारू," धोंडाबाईंनी हुकूम सोडला, "मग काय ते कागद."

गुरुजींनी स्टिअरिंग धरलं, अप्पा त्यांच्या शेजारी बसले, मामा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून चाल बघायला लागले. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. कडुलिंबाची सावली काचेवरनं सरकली. अप्पा ताठ बसून समोर बघत होते, जसे कायम बसत असतील, फक्त दुसऱ्या बाजूला.

गुरुजींनी आरशात बघितलं. कमलम्मा नवऱ्याच्या डोक्याकडे बघत होत्या, एखादी लांबची ओळखीची जागा बघावी तसं.

"अय्यो," त्या हळूच धोंडाबाईंना म्हणाल्या, "ह्यांचे मागचे केस सगळे पांढरे झालेत की. मला कधी दिसलेच नाहीत."

"हळू घे, दया," धोंडाबाई म्हणाल्या. "अम्मांना बघू दे."